मालनची साक्ष

तुझ्या त्या कॅनडाला माणूस ठेवून घ्यायचा असेल तर घ्यावा, नाहीतर परत धाडावा. माझ्या दारात पोलीस कशाला? दारूबंदीच्या दिवसांनंतर ह्या उंबऱ्याला पोलीस शिवला नव्हता. तो तुझ्यापायी आला. तोही साध्या कपड्यात, चपलांसकट, गल्लीत वाळत घातलेल्या माझ्या मिरच्यांच्या चटईवरून.

प्रिय रसेल,

आता नीट बसून वाच. अक्षराला हसू नकोस, चौथीत शाळा सोडलेल्या बाईचं आहे. एरवी मी बोलते आणि तुझी बहीण ॲश्ली फोनमध्ये टाइप करते. पण हे ॲश्लीला सांगायची माझी छाती नाही. फोनवर तू मला स्पीकरवर टाकतोस आणि तुझी बायको बेव्हर्ली मागून ‘हाय आजी’ करते. पोर चांगली आहे, पण हे तिच्यासमोर बोलायचं नाही.

ॲश्लीने मला समजावलं. तिथं कायमचं राहायचं तर आधी जिथं जिथं राहिलास तिथल्या पोलिसांचा दाखला लागतो, ह्याच्यावर काही गुन्हा नाही म्हणून. दुबईचा तुला मिळाला. अडला तो चारकोपचा. जिथं जन्मलास, जिथं बाप्तिस्म्याला बोंबलून सगळं चर्च डोक्यावर घेतलंस, तिथलाच अडला. पोलिसाने वर कळवलं, चौकशी केली, ह्या पत्त्यावर असा कोणी राहत नव्हता. तुझी झोप उडाली, बेव्हर्ली रडली, वकिलाने हात वर केले. सगळं मला माहीत आहे.

आणि तू लगेच ठरवलंस की हे समोरच्या मालनने केलं. का नाही ठरवणार? तिच्या नव्या पायरीने आपलं गटार तुंबतं म्हणून मीच तुला तिखटमीठ लावून सांगितलं होतं. पोलीस शेजाऱ्यांना विचारतात हेही तुला ठाऊक. तू फोनवर ओरडलास, ‘आजी, त्या मालनचंच काम हे!’ मी ‘हं’ म्हणाले. एवढंच. पण ते ‘हं’ माशाच्या काट्यासारखं घशात अडकलंय, भाताचा गोळा गिळूनही जात नाही.

दुसऱ्या दिवशी मालन तिचा फोन घेऊन माझ्याकडे आली. तिला कमी ऐकू येतं, तुला माहीत आहे. म्हणाली, ‘एमिलिया, रसेलने काहीतरी बोलून पाठवलंय, ऐकून सांग बाई काय म्हणतोय.’ मी ऐकलं. सगळं. तिच्या हातचं खाल्लं त्याची किळस येते, तेसुद्धा. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी, पोर आठवण काढतंय म्हणून हसू मावत नव्हतं. मी म्हटलं, ‘विचारतोय, मावशी मसाला कधी पाठवणार.’ दुसरं काय सांगू? त्या भर उन्हात तिने मिरच्या भाजल्या, कुटल्या, बाटल्यांत ठासून भरल्या. माझ्याकडून चाखवून घेतलं मीठबीठ बरोबर आहे का. मी चाखलं. ठसका लागला. ती म्हणाली, ‘झकास झालाय म्हणजे.’

तुझ्या आजोबांची गोष्ट तुला सांगितली होती ना? माझं नवीन लग्न. सासूबाई मागच्या परसात जांभळाची दारू गाळायच्या, इथं घरोघर तेच. पोलीस आला की सुनेने दारात जायचं, आणि तो कोणाचंही नाव घेवो, एकच सांगायचं: ‘ह्या नावाचं इथं कोणी राहत नाही.’ एकदा इसिडोर खाटेखाली आणि मी दारात, तोंड पाडून सांगते, कोण इसिडोर? आत खाट शिंकली. पोलीसही हसला. सासूबाईंनी त्या दिवशी मला माशाचं डोकं वाढलं. घरात पास झाले मी.

बरं, बातमी ऐक. ॲश्लीने धावपळ केली, तेव्हा फेरचौकशी लागली. ह्या वेळी शेजारचे साक्षीदार पाहिजेत म्हणाले. गल्लीत सगळ्यांना एकदम कामं निघाली. मालन लग्नाला नेसायची साडी नेसून चौकीवर गेली. साहेबाने विचारलं, ह्याला ओळखता का? ती एवढ्या मोठ्याने बोलली की बाहेरचा चहावाला आत डोकावला: ‘पायांवर उताणा टाकून न्हाऊ घातलंय मी त्याला, साहेब. त्याची आई कामाला जायची. पाठीवर तीळ कुठं आहे तेही सांगते, लिहून घ्या.’ मग सही केली, एकेक अक्षर कोरून. मी शेजारच्या बाकावर बसून चपलांकडे बघत होते. आता तुझा दाखला निघेल असं साहेब म्हणाला.

आता हे का लिहिलं ते. तो चपलांसकट आलेला पोलीस पहिल्यांदा आला तेव्हा मालन घरात नव्हतीच, दवाखान्यात गेली होती. दारात मी होते. त्याने तुझं नाव घेतलं आणि मी म्हटलं, ‘ह्या नावाचं इथं कोणी राहत नाही.’ जुनी सवय म्हण. पण ‘पोरगा कायमचा तिकडे राहतोय ना, म्हणून चौकशी’ हे तो आधी बोलला की मी आधी नाही म्हणाले, ते मला विचारू नकोस. तो गेल्यावर त्याच्यामागे धावले असते, तर गल्लीच्या टोकाला गाठला असता. मी मिरच्या उलटत बसले. रोज संध्याकाळी मालन पायरीवर येऊन विचारते, ‘मसाला पोचला का? काय म्हणाला पोरगा?’ तिला मी केलेलं मी सांगेन, ते तुझ्यावर टाकत नाही. पण तू जे बोललास ते तूच निस्तर. फोनवर नाही, कागदावर. ॲश्ली तिला वाचून दाखवेल. बेव्हर्लीला लिहायला लावू नकोस. उत्तर तूच लिहायचंस, आणि मला नाही, मालनला.

तरीही तुझीच,
आजी