गिरणीवाल्याची मोळी

आबा, आज दुपारी तुमच्यासारखाच एक म्हातारा कंपनीत जेवायला आला. हनुवटी वर, नजर ताटावर नाही, माणसांवर. मला वाटलं तुम्हीच आलात, फक्त पायात चकचकीत बूट घालून. तुम्ही गेल्यावर चांद्याच्या अलीकडच्या माळावर ही परदेशी कंपनी आली. पाण्याचे पंप करते. मी तिच्या कँटीनला भात शिजवते. पातेल्याचं झाकण काढलं की वाफ खिडकीभर होते, समोरचा डोंगर जातो, कंपनी जाते, आणि घडीभर मी कुठल्या सालात उभी आहे तेच कळत नाही. मग कुणीतरी भात मागतं.

तो म्हातारा का आला ते सांगते. देशातल्या पंपवाल्या कारखानदारांची दिल्लीला संघटना आहे. पंपाचा काही नियम करायचा झाला की सरकार त्यांनाच बोलावून विचारतं. आम्हालाही आत घ्या म्हणून आमच्या परदेशी साहेबानं तीनदा अर्ज केला. ते म्हणतात, तुमचा मालक परदेशात, उद्या नफा घटला की गाशा गुंडाळाल. आत घेतलं तर नवी शेड इथं उभी राहणार, नाहीतर दुसऱ्या देशात. त्या शेडमध्ये माझ्या लेकीचं काम ठरलंय. आयटीआय केलेली पोर भूगावच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालतेय. म्हणून आज मी तांदूळ दोनदा निवडला.

तो म्हातारा धरून संघटनेचे तिघं जण कारखाना बघून जेवायला बसले. साहेबानं हॉटेलातून जेवण मागवलं होतं, पण म्हातारा म्हणाला, कामगार खातात तेच वाढा. मी भात घेऊन गेले तर मलाच विचारतो, "बाई, एरवी साहेब तुमच्यात बसून जेवतो का?" मॅनेजरनं माझ्यावर डोळे वटारले. मला खोटं पटकन सुचत नाही. म्हटलं, "न्हाई. वर केबिनात जेवतो, एकटाच. ताट मीच नेते." म्हातारा शेजारच्याला म्हणाला, बघा, म्हणजे अजून आलेलाच नाही इथं. साहेब समोरच चमच्यानं भात खात होता. त्याला मराठी कळत नाही, तो हसला.

आणि आबा, त्या वाफेत तुम्ही देवळामागं उभे आहात. जत्रेचं गावजेवण. घरटी एक मोळी गोळा करायचा मान तुमचा. सगळ्यांची लाकडं एकाच चुलवणात जाणार. घाटाखालून येऊन गिरणी टाकलेला तो माणूस डोक्यावर मोळी घेऊन येतो, तुमच्या पुढ्यात ठेवतो, आणि तुम्ही ती पायानं बाजूला सारता. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "लाकूड घेतलं की माणूस गावचा झाला. मंग त्याला जा म्हणता येत न्हाई." मी म्हटलं, पीठ तर त्याच्याच गिरणीचं खातो. "तुला काय कळतंय? चालती हो." त्याच साली चौथीनंतर माझी शाळाही बंद केलीत, म्हणून हे अक्षर असं. पुढच्या वर्षी गिरणीवाला गाव सोडून गेला. तुम्ही ओट्यावर बसून म्हणालात, बघ, मी म्हणलं नव्हतं?

ते सगळं आज माझ्या तोंडातून बाहेर पडलं. म्हाताऱ्याला म्हटलं, "जाणार म्हणून तुमी घेत न्हाई, का घेत न्हाई म्हणून लोक जातात, ते एकदा ठरवा. आन साहेबाचं म्हणाल तर त्याला खाली ये असं कुणी म्हणलंच न्हाई. मी बी न्हाई." मॅनेजरचा घास हातातच राहिला. म्हाताऱ्यानं ताट पुढं केलं. मग म्हणाला, थोडा भात वाढा. जाताना सगळे म्हणतात तेच ते म्हणाले, बैठकीत बघू. लेकीचा फोन आला, काय झालं गं? मी म्हटलं, जेवले.

भांडी वाळतायत. हा कागद कुठं धाडणार, पिठाच्या डब्याखाली ठेवीन. पण एक लिहायचं राहिलंय. तुम्ही सारलेली ती मोळी मी उचलून आपल्या मोळीत घातली होती, दोन्हींवर एकच वेल आवळून. तुम्ही स्वतःच्या हातानं ती चुलवणात सारलीत. दोनदा भात घेतलात आणि म्हणालात, औंदा जाळ चांगला लागला. भीतीनं तुम्हाला सांगितलं नाही, ते राहू दे. पण गिरणीवाल्यालाही नाही सांगितलं. तो टेम्पोत सामान भरत होता तेव्हा मी डबा घेऊन गिरणीच्या पायरीशी उभी होते. त्यानं विचारलं, काय पाहिजे पोरी? मी म्हटलं, दळण. आणि रिकामा डबा घेऊन घरी आले.