मधला पट्टा

मंगळवार, ऑगस्ट १९८४
इंदिरा नगर, लखनौ

अजून कान तापलेत. आज सेमिनारमध्ये आमचे विभागप्रमुख सांगत होते, डीएनए स्वतःची प्रत कशी काढतो ते कसं सापडलं. जड नायट्रोजनवर वाढवलेले जिवाणू हलक्या नायट्रोजनवर आणले. ते एकदा दुप्पट झाल्यावर त्यांचा डीएनए यंत्रात गरगर फिरवला, म्हणजे वजनाप्रमाणे त्याचा पट्टा उमटतो. पट्टा ना जड जागी, ना हलक्या, बरोबर मध्ये. म्हणजे एक धागा जुना, एक नवा. "बस, सिद्ध!" सर म्हणाले.

मी उठून विचारलं, "सर, जुन्या-नव्याचे तुकडे मिसळले असते तरी पट्टा मध्येच आला असता ना?"

"बैठिए, मॅडम." सगळे हसले.

माझी नोकरी कायम करायची की नाही, हे सोमवारी तेच ठरवणार. आमचे हे म्हणतात, "माफी माग, विषय संपव." माफी? कशाची?

पोळ्या लाटताना लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "तो फिर उन लोगों ने क्या किया, आई?"

जिवाणू आणखी एकदा दुप्पट होऊ दिले. मधला पट्टा राहिला, शिवाय हलका वेगळा उमटला. तुकडे मिसळले असते तर प्रत्येकात थोडं जुनं राहून एकच पट्टा दिसला असता. तेव्हा कुठे सिद्ध झालं.

मधला पट्टा दिसूनही ते थांबले नाहीत. आणि मी? एका "बैठिए"वर बसले.