सोशिक लेक

मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८३४. धारूर

आश्रुबाचा तळहात चिलमीच्या निखाऱ्याने भाजला, भोक पडलं, आणि त्याला पत्ता नाही! डोळे मिटायला लावून शेजारी कापूस फिरवला, तर म्हणाला, "हितं." बरोबर! त्याच जागी सुई खुपसली, तर गडी हसत बसला. घाम मला फुटला.

हैदराबादेत शिकायला जाईपर्यंत वाटायचं, कातडी म्हणजे एकच कापड. नाही! स्पर्शाची तार निराळी, चटक्याची निराळी, दुखण्याची निराळी. दुखण्यातही दोन — एक टोचताक्षणी लख्ख सांगते, दुसरी मागून रेंगाळत येते आणि ठसठसत राहते. महारोग दुखण्याच्या आणि चटक्याच्या तारा आधी खातो, स्पर्शाला पुष्कळदा उशिरा हात लावतो. म्हणून माणूस म्हणतो, मला काही झालंच नाही.

आश्रुबाला भावांनी गावाबाहेर झोपडी घालून दिली म्हणे. "कावून, डाक्टरसाब? मला तर कायबी दुखत न्हाई!" महारोगावर देतात ते कडू कवठीचं तेल दिलं.

मार्गशीर्ष शु. ९

केजहून विठ्ठलरावांचा होकार आला. माघात लग्न. आमची अंजना अजून भातुकली मांडते, आणि तिचं लग्न! मी तोंड उघडलं की माझी थोरली बहीण, वच्छीअक्का, ते बंद करते.

मार्गशीर्ष शु. ११

आज गोंदणारीण आली होती. अंजनाच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, फिकट डाग आहे. तिची आई, सत्यभामा, म्हणते शिबं आहे, हळद चोळते. अक्काचं डोकं चाललं — "सोयऱ्याच्या नजरंला पडायच्या आधी त्याच्यावर तुळशीवृंदावन गोंदून टाका."

कपाळावरच्या एका ठिपक्याला पोरीने घर डोक्यावर घेतलं. हातावर मात्र सुया चालल्या होत्या आणि ही चिंच चोखत बसलेली! बायका खूश. गोंदणारीण म्हणाली, "लई सोशिक लेक हाय! सासरी नाव काढील." अक्काने लगेच केजला तसा निरोप धाडला. मलाही बरं वाटलं.

मार्गशीर्ष शु. १२

जेवताना आठवलं. कपाळाला रडली — मग हाताला का नाही?

मार्गशीर्ष वद्य ४

अजून सुई हातात घेतली नाही. दवाखान्यात दिसेल त्याला टोचतो, आणि स्वतःच्या पोरीपुढे हात उठत नाही. भित्रा आहे मी! लग्न मोडेल, ते मोडू दे. पण उद्या अक्काच म्हणेल, पोरीला वेगळं ठेवा. तिलाही झोपडी?

शेवटी सत्यभामाला सांगितलं. भाकरी थापता थापता थांबली. "तुमच्या दवाखान्याचं खूळ घरात आणू नगा! झोपंत माशी बसली तरी हात झटकती ती."

म्हटलं, अगं, तेच तर भय आहे. माशी कळते, तरी सुई कळत नाही. ती उठून आत गेली.

पौष शु. २

टोचली! अंजनाला डोळे मिटायला लावले आणि डागाच्या मधोमध, गोंदणाच्या दोन रेघांमध्ये, सुई टोचली. "आई गं!" पुन्हा टोचली. "आबा, दुखतंय!" डोळ्यांतून खरं पाणी. मी तिला उचलूनच घेतलं — एवढी घोडी झाली तरी!

गोंदताना चिंचेच्या नादात असेल. सत्यभामा दाराशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मी दवाखान्यात गूळ वाटला. कशाचा म्हणून कोणी विचारलं, तर सांगता येईना. माझ्याइतका मूर्ख साऱ्या तालुक्यात नसेल, आणि माझ्याइतका सुखीही नसेल!

पौष शु. ६

अंजनाच्या डाव्या हातावर टपोरा फोड. तव्याचा असावा. कधी भाजलं, तिला ठाऊक नाही.

पुन्हा डोळे मिटायला लावले. या खेपेला सुई उलटी धरली आणि मागचं नेढं डागावर नुसतं टेकवलं.

"आई गं! आबा, दुखतंय!"

डोळे उघडले, ते आधी दाराशी उभ्या असलेल्या आईकडे पाहायला.