शामच्या तुंब्यात दयाळ

१२ मार्च ८६
वांग्याले अळ्या. राख टाकली, पावडर टाकली, मरत नाई. शेजारची मडावीबाई म्हने, "घरामागच्या सांदवाडीत मडकं नाईतं तुंबा टांग. दयाळ पाखरू त्यात घर करते. अळ्या तेच वेचते." मडकं एक मोकळं नाई घरात. खुंटीवर शामचा वाळल्या भोपळ्याचा तुंबा होता. जंगलात त्यात पानी न्यायचा. मागच्या साली मोहफुलं वेचाले गेला, अस्वलानं फाडला. पोरगा गेला, तुंबा साबूत घरी आला. विळ्यानं भोक पाडलं, शेवग्याले बांधला.

१३ मार्च
सून शेवंता सालभर माह्याशी धड बोलली नाई. आज बोलली. "आत्याबाई, तुमच्या हाताले किडे पडतीन! त्याच्या तोंडचा होता तो!"
मी म्हनलं, "मंग आता कोनाले पाजतं त्यातून?"
असं बोलाले नोको होतं. भोक त पडलं. बुजत नाई.

१७ मार्च
शेवंतानं भावाले निरोप धाडला. मुनीले घेऊन कायमची माहेरी जातो म्हनते. तुंबाबी नेतो म्हनते. मुनी शामची एकुलती, आता कुठी नीट बोलाले लागली. मी म्हनलं, जा. मंग काय, घरात मी आन कोंबड्या. त्या उलटून बोलत त नाईत.

२६ मार्च
भाऊ बैलबंडी घेऊन आला. शेवंता तुंबा सोडाले बाजेवर चढली. भोकात हात घातला, तसाच बाहेर काढला. "अंडे हायेत. गरम हायेत."
भाऊ म्हने, "पाखरासाठी थांबते का वो बाई कोनी?"
"पिल्लं उडू दे. मंग येजो."
बंडी रिकामी गेली. मांजर दिसली का मी गोटा मारतो आता.

२ एप्रिल
सारं गाव मोहफुलं वेचाले जाऊन राह्यलं. आमच्या घरून कोनी नाई. अंडे सडले त बरं, असं मनात येते. सडल्या अंड्यावर पाखरू लई दिवस बसते, तवर बंडी येत नाई. वाईट इचार. येते त येते.

९ एप्रिल
पिल्लं निंघाले. अळ्या कमी. एक पिल्लू खाली पडलं, मुंग्या लागल्या. शेवंतानं उचललं, मातीत दाबलं. हात धुता धुता म्हने, "शामले लई दुखलं असन का वो, आत्याबाई?"
"नाई. एका झटक्यात गेला."
खोटं. त्याच्या अंगावर लुगडं मीच टाकलं होतं, तिले पाहू नाई देल्लं. तिलेबी माहीत असन. चहा करून देल्ला तिनं. पेली. साखर नव्हती.

२३ एप्रिल
उडाले. तुंबा रिकामा. शेवंतानं परत निरोप धाडला. पेटी भरली. मुनीचे झबले घड्या करून ठेवले, माह्याच समोर. मी अडवलं नाई. कोन्या तोंडानं अडवू?

२७ एप्रिल
सकाळी दयाळची मादी चोचीत काडी घेऊन तुंब्यात शिरली. निंघाली, दुसरी आनली. अजून अंडं नाई. म्हनजे तुंबा सोडता येते. शेवंतालेबी दिसलं. विळा घेऊन बाजेवर उभी हाये, दोरीले हात लावून. मी "काप" नाई म्हनलं. "नोको कापू"बी नाई म्हनलं. बंडीच्या घुंगराचा आवाज वेशीवरून येऊन राह्यला. मुनी माह्या मांडीवर. इचारते, "आजी, माय काऊन उतरत नाई?"