माझी सही, त्यांच्या हातची

ती. वन्सं यांना सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. उतरू देतो की नाही ते लिहिलं नाहीत, तेव्हा वरच अडकून बसला नसाल असं धरून चालते. इकडे मी ठीक. जेवते, झोपते, शिलाई मशीन चालवते. (लेक रोज फोनवर या तीनच गोष्टी विचारतो, म्हणून उत्तर पाठ झालंय.)

तुम्ही विचारलंत, कागदांचं कुठवर आलं. ह्यांना जाऊन चार महिने होतील. घर दोघांच्या नावावर, बँकेतलं खातं दोघांच्या नावावर. सगळं दोघांचं असलं की एक गेल्यावर दुसऱ्याला काही त्रास नाही, असा आमचा समज. (म्हणजे ह्यांचा समज. मी मान डोलावली होती.) बँकेपुरतं ते खरंही आहे. फक्त दुसऱ्याने आपण तेच दुसरे आहोत हे सहीनिशी दाखवायचं असतं, आणि गाडी तिथेच अडली आहे. घराचा अर्ज वकिलांनी लिहून ठेवलाय, लेकाने संमतीही पाठवली. पण वकील म्हणतात, सही तुमचीच आहे असा बँकेचा दाखला आधी आणा. खालचं दुकान एका घड्याळवाल्याला भाड्याने हवंय आणि तो महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. कागद तोवर झाले नाहीत तर तो पलीकडच्या गल्लीत जाईल. मग लेक म्हणणार, "आई, आता इकडेच ये," आणि माझ्याकडे उत्तर उरणार नाही. लेक चांगला आहे, सूनही चांगली आहे, पण त्यांच्याकडे मशीन ठेवायला जागा फक्त वॉशिंग मशीनशेजारी, आणि त्या दोघींचं जमेल असं मला वाटत नाही.

आता सहीचं सांगते. खातं उघडलं तेव्हा माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तुम्हाला आठवत असेल. (स्टुलावरून पडले होते. स्टूल ह्यांनी दुरुस्त केलेलं होतं.) तेव्हाचा कारकून म्हणाला, "पेंटर, तुम्हीच करून टाका वहिनींची सही, कोण बघतंय." तुमच्या भावाला उभ्या जन्मात साधं अक्षर काढता आलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. त्यांनी माझं नाव असं लिहिलं, की शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून सगळ्या नावाखालून गेली, पहिल्या अक्षराला वळसा घातला आणि वर जाऊन दोन ठिपके देऊन थांबली. पुढे हात बरा झाला. पण सही जुळली पाहिजे म्हणून दर वेळी माझी सही हेच करत गेले. घराच्या कागदांवरही सही त्यांचीच, अंगठा तेवढा माझा. त्या कचेरीतल्या गर्दीत कोण कुणाच्या नावापुढे काय काढतंय हे पाहायला कुणाला वेळ होता. अशी एकतीस वर्षं मी सही केलीच नाही. लागलीही नाही. शिवायला आलेल्या कपड्यांवर सही लागत नाही.

तर पहिल्यांदा बँकेत गेले, अर्जावर आपलं नाव लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी जुनं कार्ड काढलं, दोन्ही शेजारी धरलं.

"ही सही तुमची नाही."

"अहो, तुमच्या डोळ्यांदेखत केली."

"डोळ्यांदेखत केली म्हणून तुमची होत नाही, मावशी. तुमची ही." आणि त्यांनी कार्डावरची शेपटी दाखवली.

मी म्हटलं, सही बदलून द्या. त्यांनी सही बदलण्याचा अर्ज दिला. त्यावर खाली लिहिलेलं: येथे जुनी सही करावी.

घरी आले आणि फर्मा कापला. बाही कापते, गळा कापते, सही का नाही कापता येणार? जुनं पासबुक काढलं, त्यावरच्या सहीवर पातळ कागद ठेवून ती उतरवली आणि खुणा पाडायचं दात्यांचं चाक शेपटीवरून फिरवून चार दिवस सराव केला. कापायच्या टेबलावर खडूने, बिलांच्या पाठीवर पेन्सिलीने, एकदा तर शेजारणीच्या परकराच्या कापडावर. (धुतल्यावर जाईल.) दुसऱ्या खेपेला सही हुबेहूब झाली. बाई कौतुकाने बघत होत्या, तोवर साहेबांनी कागद उजेडासमोर धरला. चाकाची भोकं सगळ्या शेपटीभर चमकली. साहेब म्हणाले, "मावशी, ही सही आहे की तिकीट फाडायची जागा?" रांगेतली माणसं हसली. मीही हसले, नाहीतर अजून वाईट दिसलं असतं.

तिसऱ्या खेपेला चाकाशिवाय केली. शेपटी अर्ध्या वाटेत संपली. बाई म्हणाल्या, "ही अर्धीच झाली, पुढच्या आठवड्यात या." पुढचा आठवडा म्हणजे महिन्यातला शेवटचा. तर असं आहे, वन्सं. बँका माणसाला किती छळतात ते एकदा कुणीतरी लिहून काढलं पाहिजे. भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. वर बँकेबद्दल लिहिलं ते खरं, पण अर्धं. पहिल्याच दिवशी बाईंनी तो अर्ज उलटा करून दाखवला होता. ज्यांना जुनी सही करता येत नाही त्यांनी मागच्या बाजूला साधी नवी सही करायची आणि ओळखीच्या एका माणसाची साक्ष घ्यायची. पाच मिनिटांचं काम. मग जुन्या कार्डावर 'रद्द'चा शिक्का मारतात. मी अर्ज पिशवीत घातला आणि घरी येऊन फर्मा कापायला बसले. ते कार्ड लिहून झाल्यावर ह्यांनी माझ्यापुढे धरलं होतं आणि विचारलं होतं, "कशी आहे?" मी म्हटलं होतं, "एवढी शेपटी कशाला? मी काय मांजर आहे?" त्यापेक्षा काही चांगलं बोलायला हवं होतं.

ता. क. २. साक्षीला तुम्ही या. मंगळवारी सकाळची गाडी धरा, स्टँडवर मी येते, बँकेत जिना नाही. शिक्का मारताना तुम्ही शेजारी असाल तर मला जमेल. साहेबांनी कार्डाची झेरॉक्स द्यायचं कबूल केलंय. या पत्राखालची सही साधी आहे, शेपटी नाही. कशी आहे ते आल्यावर सांगा.

ता. क. ३. साक्षीदाराचीही सही जुळावी लागते म्हणे. तेव्हा निघण्याआधी तुमचं पासबुक काढून नीट बघा. भाऊ तुमचाच होता, तुमचीही सही त्यांनीच केलेली असायची. शेपटी दिसली तर ताबडतोब कळवा, मी फर्मा अजून टाकलेला नाही.