बांबू धरणाऱ्यांचा हिस्सा

६ एप्रिल, सोमवार
घेतला! एका सिमेंट कंपनीचा शेअर. आरएसआय हा इंडिकेटर तीसच्या खाली — म्हणजे विकणारे दमले, आता भाव उसळणार. चार दिवसांत विकून मोकळा! पैसे मासेमारीच्या नव्या जाळ्याचे आहेत. दिव्यानीला सांगितलं, दुकानात जाळं आलं नाही अजून. बायकोशी खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो, साला!

७ एप्रिल
गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तीही उंचावर. म्हणून एक फोन बांबूला बांधून वर, त्याच्या हॉटस्पॉटवर माझा फोन खाली. बांबू माझ्याबरोबर मासे धरणाऱ्या मुखरूभाऊंनी धरला. "काय पकडून राह्यला रे?" नफा, म्हटलं. आणि खरंच दिसला! थोडाच, पण हिरवा.

८ एप्रिल
आणखी हिरवा! मुखरूभाऊंचा खांदा भरून आला, मग आमच्याच टोळीतल्या सुगंधाबाईंनी बांबू धरला, मग इस्तारीनं. संध्याकाळी तिघेही दारात. आमच्याकडे मासे धरताना ज्यानं जाळ्याची दोरी धरली, त्याला हिस्सा — घटकाभर धरली तरी.
"बांबू धरला म्हंजे दोरीच धरली ना," सुगंधाबाई.
अहो बाई, हे शेअर मार्केट आहे!
"मंग बांबू काऊन धराले लावला?"
याचं उत्तर इंडिकेटरच्या एकाही व्हिडिओत नाही.

९ एप्रिल
लाल.

१० एप्रिल, शुक्रवार
आरएसआय वीस, मग पंधरा. विकणारे दमतच नाहीत! स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्री, लावला नव्हता — तो भित्र्यांसाठी असतो, असं मीच इस्तारीला शिकवलं होतं. शेवटी घाबरून विकला. जाळ्याचा तिसरा भाग गेला! सोमवारी तलावात उतरायचं आहे, म्हणजे दिव्यानीला उद्या सांगावंच लागणार. पाळीवर तिघांवर खेकसलो — "घ्या ना हिस्सा! नुकसानीचाही घ्या!" तिघेही घरी गेले. मला तिथेच रडू आलं. मोठे आले हिस्सेकरी!

११ एप्रिल
सकाळी मुखरूभाऊ, सुगंधाबाई, इस्तारी पुन्हा दारात. तोट्यातल्या आपापल्या वाट्याचे पैसे घेऊन! "नियम आहे तं आहे," मुखरूभाऊ म्हणाले. मी काही बोलणार, तोच मागून दिव्यानी आली, कमरेची पैशांची पिशवी सोडत. बुधवारी मी चहाला गेलो, तेव्हा घटकाभर बांबू तिनं धरला होता म्हणे!