यादीत एकच नाव

६ मार्च, गुरुवार

पैसे काढणं बंद! सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी.

मला सांगितलं कोणी, तर एका गिऱ्हाइकाने. क्रिप्टोच्या ज्या कंपनीच्या हेल्पलाइनवर मी पाच वर्षं बसतेय, तिची बातमी मला पलीकडून ओरडून कळते. "बटण दाबतोय, दाबतोय, काही होतच नाहीये!" मग इस्त्रीसाहेब आले. आमचे टीमचे साहेब. त्यांच्या शर्टाला सुरकुती पडलेली कोणी पाहिलेली नाही. प्रत्येकीच्या टेबलावर एक कागद ठेवून गेले. तीन वाक्यं. आपली रक्कम पूर्णपणे सुरक्षित आहे. देखभालीचं तांत्रिक काम सुरू आहे. सेवा लवकरच पूर्ववत होईल. याच्या बाहेर एक शब्द बोलायचा नाही.

चौऱ्याऐंशी फोन घेतले. चौऱ्याऐंशी वेळा "सुरक्षित".

आईचे पैसेही त्यातच आहेत.

७ मार्च, शुक्रवार

काल ती एक ओळ लिहिली आणि वही मिटून टाकली. आता बसमध्ये लिहितेय.

आईने गेल्या जुलैत जुनं घर विकलं. मावशीच्या वरच्या मजल्यावरची खोली घेणार आहे. ताबा या जूनमध्ये. विसार दिलाय, उरलेले सगळे पैसे ताब्याच्या वेळी भरायचे. मधल्या काळात बँकेत नुसते पडून काय करणार? — हे कोण म्हणालं? मी! आमच्याकडे टाक, वाढतील. आईच्या फोनवर मीच ॲप टाकून दिलं, मीच अंगठा लावायला शिकवलं. नवं खातं आणलं की आम्हाला पगारात बक्षीस मिळतं. त्या बक्षिसाचा मी पंखा घेतला. चांगला फिरतो.

आज एक्क्याण्णव फोन. एकजण रडत होता. मी वाट पाहिली आणि तो थांबल्यावर दुसरं वाक्य वाचलं. मला काहीच वाटलं नाही. दाढ काढताना गाल बधीर होतो ना, तसं. आपलाच गाल, पण हात लावला तरी कळत नाही.

अकरा दहाला एक म्हातारे गृहस्थ आले लाइनवर. आयुष्यभर बस चालवली म्हणाले. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, दवाखान्यात आधी पैसे भरावे लागतात. मी "सर, आपली रक्कम—" म्हटलं तर हसले. "सर नको गं म्हणू. पस्तीस वर्षांत लोकांनी मला फक्त 'ए, थांबव' म्हटलंय."

८ मार्च, शनिवार

सुट्टी रद्द. एकशे तीन.

१० मार्च, सोमवार

शेजारच्या खुर्चीवरच्या मैनेचा घसा बसला. तिला मैना म्हणतात ते उगीच नाही. तीन वाक्यं ती गाण्याच्या चालीत म्हणते, लोक शिव्या द्यायचे विसरतात. आज नुसता फसफस आवाज.

एका बाईंनी मला झापलं. "बँक असती तर जाऊन काउंटरवर हात आपटला असता! मॅनेजरच्या केबिनमध्ये ठाण मांडून बसले असते! तुमच्याकडे कुठे आपटू? मोबाइलवर? फुटला तर तो पण माझाच!" खरं आहे. आमच्या इमारतीवर पाटीसुद्धा नाही. पाच वर्षांपूर्वी मला हेच भारी वाटलं होतं. काउंटर नाही, रांग नाही, साहेबाची सही नाही, कुणाच्या बापाचं राज्य नाही. आमच्या माहितीपत्रकावर अजून छापलंय — "सगळ्यांचा पैसा, सगळ्यांच्या हातात."

आई जेवताना म्हणाली, "बातम्यांत काहीतरी दाखवत होते. तुमच्या ऑफिसात ठीक ना सगळं?"

"हो."

"तुझी नोकरी?"

"आहे की."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि काकडी पुढे सरकवली. आई तीस वर्षं थिएटरच्या तिकीट खिडकीवर होती. नोट उजेडात धरल्याशिवाय गल्ल्यात टाकली नाही. गेल्या वर्षी मी तिला क्रिप्टो समजावून सांगत होते तेव्हा सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे उजेडात धरून बघायचं झालं तर काय धरायचं?" मी इतकी हसले होते! ती पण हसली होती.

तिचा फोन मागून खातं बघावं म्हटलं तर तिला संशय येणार. ऑफिसातून बघावं, तर नातेवाइकाचं खातं उघडलं की लगेच नोंद होते आणि नोकरी जाते. नकोच. मी तिला काही सांगितलेलं नाही.

११ मार्च, मंगळवार

मैनेने जेवणाच्या सुट्टीत बाथरूममध्ये नेऊन सांगितलं. बुधवारी, म्हणजे बंद व्हायच्या आदल्या दिवशी, चाळीस खाती रिकामी झाली. फक्त चाळीस. मोठ्या खात्यांना आम्ही देवमासे म्हणतो. लाखो लोकांचं मिळून जेवढं होतं, त्याहून जास्त या चाळिसांचं. सगळे बाहेर. त्यांना म्हणे फोन गेले होते. इकडून तिकडे! आम्ही फोन घेतो, त्यांना फोन करतात.

मैना म्हणाली, "आणि मी आपली पोपटासारखी सुरक्षित सुरक्षित करतेय."

मी म्हटलं, "मैनेसारखी."

दोघी हसलो. मग तिने तोंड धुतलं.

संध्याकाळपर्यंत तेच डोक्यात. जगातला जुना पैसा मूठभर लोकांकडे आहे म्हणून हा नवा काढला, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. आणि हाही मूठभर लोकांकडेच! बँक बुडायला लागली तरी आधी त्यांनाच कळत असणार. मग फरक काय? एवढाच की बँकेच्या दाराला निदान कुलूप दिसतं. राग यायला हवा होता. आला नाही. बसमध्ये जागा मिळाली, बसले.

१३ मार्च, गुरुवार

इस्त्रीसाहेबांनी एकेकीला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. "कंपनी स्टाफला विसरत नाही," म्हणाले. प्रत्येकीने एक नाव द्यायचं. एकच. त्या खात्याचे पैसे हिशेब विभाग हाताने काढून बँकेत भरणार. उद्या पाच वाजता यादी बंद. पैसे पुढच्या आठवड्यात. बाहेर ब्र काढायचा नाही.

"घरचंच नाव पाहिजे का?" मी विचारलं.

"कुणाचंही द्या हो. लोक घरचंच देतात." शर्टाची बाही नीट केली. "तुमच्या आईचं आहे ना आपल्याकडे? मग प्रश्नच मिटला."

मिटलाच. बाहेर आले, हेडफोन लावला. अकरा दहाला ड्रायव्हरकाका होते. आता ते रोज याच वेळी करतात, फिरतफिरत कॉल माझ्याकडेच येईपर्यंत थांबतात. "जेवलीस का?" आधी हे. मग, "मंगळवारपर्यंत भरले नाहीत तर नंबर जाईल. पुढची तारीख चार महिन्यांनी म्हणतात. ती आता जिना बसून उतरते गं. एकेक पायरी." रक्कम विचारली, जी विचारायची नसते. आईच्या पैशांचा आठवा हिस्साही नाही. बस विकून टाकली तेव्हाचे भंगाराचे पैसे नव्हेत हं, म्हणाले, बस सरकारची होती! स्वतःचेच साठवलेले. पुतण्याने सांगितलं म्हणून इथे ठेवले.

मी तिसरं वाक्य वाचलं.

१४ मार्च, शुक्रवार

फॉर्म म्हणजे अर्धं पान. खाते नंबर, बँक नंबर, कारण.

सकाळी मी काकांचा नंबर भरला. खरंच भरला. पाठच झालाय, रोज विचारते ना! कारणात "वैद्यकीय" लिहिलं. पाठवायचं बटण समोर. आणि मग मला आई दिसली, जूनमध्ये, मावशीच्या जिन्यात, सामानाच्या खोक्यांवर बसलेली. कुलूप लावलेल्या खोलीसमोर. विसार बुडालेला. आणि ती मला एक शब्द बोलणार नाही, हे मला माहीत आहे. तेच नको.

पुसलं. आईचा नंबर टाकला. कारण : "निवासस्थान". चार चाळीसला पाठवलं.

आई आहे माझी. दुसरं काय करणार होते? कुणीही हेच केलं असतं. मैनेने भावाचं दिलं, समोरचीने सासऱ्यांचं. मी काही जगावेगळं केलेलं नाही. हे मी इथे तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

अकरा दहाचा फोन मी बाथरूमला जाऊन चुकवला होता. ते राहूनच गेलं लिहायचं.

१६ मार्च, रविवार

आईबरोबर पडद्यांचं कापड बघायला गेले. मावशीकडच्या खोलीसाठी. तिने निळं घेतलं. महाग होतं. म्हटलं, घे. आता घे बिनधास्त.

हलकं वाटायला हवं होतं. दुकानदार दोनदा विचारत होता, ताई, कापून देऊ ना? मी ऐकतच नव्हते.

१७ मार्च, सोमवार

काका : "काही कळलं का गं?"

मी : तिन्ही वाक्यं, ओळीने.

काका : "बरं. तू म्हणतेस म्हणजे असतील सुरक्षित. तू काही खोटं बोलणारी वाटत नाहीस. आवाजावरून कळतं माणूस, पस्तीस वर्षं मागे न बघता गाडी चालवलीय मी."

फोन ठेवल्यावर पुढचा लगेच आला. घेतला. सत्याहत्तर झाले दिवसभरात.

१८ मार्च, मंगळवार

फोन आला नाही.

१९ मार्च, बुधवार

आला. नंबर गेला. जुलैची तारीख मिळाली. मी कागदाकडे बघत बसले. तर तेच मला समजवायला लागले! "अगं तुझा काय दोष? तू पगारी माणूस. आम्ही काढू चार महिने. मी तिला सांगितलंय, जिना उतरूच नकोस, जग वर आणून देतो." मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला — "कुणाशी एवढं बोलताय?" "पोरगी आहे कंपनीतली. चांगली आहे."

कॉल रेकॉर्ड होतो, त्यामुळे "माफ करा" म्हणता येत नाही. ते वाक्य कागदावर नाही.

हेडफोनचं फोम कानाशी ओलं झालं होतं. घाम असेल. मैनेने विचारलं, बरं नाहीये का? बरी आहे म्हटलं.

२० मार्च, गुरुवार

मैनेच्या भावाचे पैसे जमा झाले. समोरचीच्या सासऱ्यांचेही. माझ्याकडे अजून काही नाही. साहेब म्हणाले, उद्या बघा.

आईला सांगून टाकायचं, असं आज ठरवलंय. पैसे आले की मगच. आले की सगळं सांगेन, काकांचंसुद्धा. कुणाला तरी सांगितलं पाहिजे.

२१ मार्च, शुक्रवार

हिशेब विभागाचं उत्तर. विनंती रद्द. खात्यात शिल्लक नाही. संपूर्ण रक्कम खातेदाराने गेल्या ऑगस्टमध्येच काढलेली आहे.

जिन्यात जाऊन आईला फोन लावला.

"काढले की! तीन आठवड्यांतच काढले, बँकेत ठेवलेत मुदतीवर. तू इतक्या हौसेने उघडून दिलं होतंस, म्हटलं कशाला पोरीचा हिरमोड करायचा. का गं? तुला काय वाटलं, माझे अडकलेत?"

साहेबांना विचारलं, नाव बदलून मिळेल का. यादी बंद झाली, म्हणाले.